उघड्या दाराशी वाचलेले वचन
पंडिता रमाबाई आणि नित्याचे शास्त्रवाचन



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पवित्र शास्त्राची प्रत आहे. काहींच्या घरी तर ती दोन-तीन पिढ्यांची आहे. तिच्या पहिल्या पानावर आजोबांच्या हस्ताक्षरात जन्म, बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. प्रत स्वच्छ कापडात गुंडाळून आदराने ठेवलेली असते. परंतु शेवटची केव्हा उघडली, असे कोणी विचारले तर आपण क्षणभर घुटमळतो. ग्रंथाविषयी आदर आहे, मात्र ग्रंथाशी रोजची ओळख राहिलेली नाही, अशी आपल्या पुष्कळ घरांची स्थिती आहे.

अशा वेळी एका स्त्रीचे चरित्र आठवावेसे वाटते. तिच्या जवळही पवित्र शास्त्राची एक प्रत अनेक वर्षे नुसती पडून होती. पुढे तिने ती वाचली. नंतर ती इतरांना वाचता यावी म्हणून तिने आपल्या आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. पंडिता रमाबाईंचे नाव आपणांस परिचित आहे. त्यांचे समाजकार्य सर्वांना ठाऊक असते. त्या कार्याच्या मुळाशी असलेले त्यांचे नित्याचे शास्त्रवाचन मात्र आपण बहुधा विसरतो.

पुराणिकाची मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, दाट अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. यासाठी त्यांना जातभाईंचा रोष सोसावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे उठून धाकट्या रमेला ते ज्ञान दिले.

हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडत असे. देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा जीवनक्रम होता. रमा मोठी झाली तशी तीही वाचू लागली. भागवताचे १८,००० श्लोक तिने मुखोद्गत केले होते. वाणी स्पष्ट होती आणि स्मरणशक्ती विलक्षण होती.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुराण संस्कृतात वाचले जाई आणि समोरच्या बहुसंख्य श्रोत्यांना संस्कृत येत नसे. अर्थ सांगण्याचे बंधन पुराणिकावर नव्हते. पवित्र शब्द कानी पडला म्हणजे पुण्य लाभले, अशी श्रद्धा होती. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात ही स्थिती सविस्तर वर्णिली आहे. वाचणारा वाचतो, ऐकणारा ऐकतो आणि दोघांपैकी कोणाच्याही जीवनाला त्या शब्दाचा अर्थ भिडत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. पुढील साऱ्या आयुष्यात त्यांनी जो आग्रह धरला, त्याचे बीज या अनुभवात आहे.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. उपाशीपोटी शेकडो कोस पायी चालत, थंडीवाऱ्यात दिवस काढीत, १८७८ मध्ये ती भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले.

न वाचलेली प्रत

कलकत्त्यास असताना एकदा या भावंडांना ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचे आमंत्रण आले. प्रार्थनेच्या वेळी मंडळी डोळे मिटून खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसली. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करीत आहेत, असा भावंडांचा समज झाला. त्याच प्रसंगी रमाबाईंना संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्राची प्रत भेट मिळाली.

भागवत मुखोद्गत असणाऱ्या या विदुषीने ती प्रत चाळून पाहिली. त्या संस्कृतची धाटणी निराळी होती आणि शिकवणही निराळी होती. हे वाचण्यात वेळ दवडण्यात अर्थ नाही असे त्यांना वाटले आणि त्यांनी ती मिटून ठेवली. तरीही ती प्रत त्यांनी कधी टाकून दिली नाही. मुक्काम बदलले, दुःखे कोसळली, पण ते पुस्तक त्यांच्या जवळच राहिले.

ज्यांच्या घरी शास्त्र आहे पण वाचन नाही, त्यांनी यातून दिलासा घ्यावा. मात्र प्रत जवळ ठेवण्यावर रमाबाई थांबल्या नाहीत, हेही विसरू नये.

याच सुमारास पडद्यातील स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत, अशी विनंती त्यांना करण्यात आली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथांचे बारकाईने अध्ययन केले. स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी त्या ग्रंथांत जे आढळले, त्याने त्या अस्वस्थ झाल्या. आजवर केवळ पाठ केलेला शब्द त्यांनी प्रथमच अर्थ शोधीत वाचला आणि त्यांची जुनी श्रद्धा डळमळली.

१८८० मध्ये श्रीनिवासही मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला आणि त्या आसामातील सिल्चर येथे राहू लागल्या. तेथे आपल्याच घरच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची लहानशी पुस्तिका सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांना आठवत नव्हते. त्यांनी ती आवडीने वाचली. एका बाप्तिस्त मिशनऱ्याने घरी येऊन त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील वृत्तान्तही समजावून दिला. पतीला हे फारसे रुचले नाही. तथापि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने पतीचे निधन झाले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. पदरी चिमुकली मनोरमा होती.

वचनातून उमगलेला तारणारा

रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे लेखन आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील साक्ष या गोष्टी त्याच वर्षी घडल्या. तेथे मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे त्या इंग्रजी शिकू लागल्या आणि मराठीतून नवा करारही वाचू लागल्या. एकेकाळचे नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांचाही सहवास त्यांना लाभला.

वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात पतित स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता. समाजाने ज्यांना टाकून दिले, त्यांची सेवा सुशिक्षित स्त्रिया प्रेमाने करीत आहेत, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशू कसा बोलला, हे त्यांनी ऐकले. स्त्रीला तुच्छ न लेखणारा आणि पतितेला उचलून घेणारा गुरू त्यांना त्या अध्यायात भेटला. गोरे यांच्या पत्रांनी उरलेल्या शंकांचे निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु ही बाई हातात दिलेले मत मुकाट्याने गिळणारी नव्हती. त्या स्वतः शास्त्र वाचीत आणि जे तेथे स्पष्ट आढळत नसे त्याविषयी प्रश्न विचारीत. त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, मतांगीकार आणि मंडळीचा अधिकार यांविषयी त्यांनी इतके निर्भीड प्रश्न केले की वडीलधाऱ्या मंडळींना ती बंडखोरी वाटली. आपल्या सदसद्विवेकावर पुन्हा कोणाचे जू नको, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. पण प्रामाणिक वाचनातून प्रश्न उठतातच आणि प्रश्नांना भिऊन वाचन सोडू नये, हा धडा आपण अवश्य घ्यावा.

दुसरीही एक गोष्ट त्यांनी मोकळेपणाने कबूल केली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांचे सांगणे आहे. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम यांचे 'फ्रॉम डेथ इनटू लाइफ' हे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे पाळक वर्षानुवर्षे उपदेश करीत होते आणि शेवटी व्यासपीठावर स्वतःचाच उपदेश ऐकता ऐकता त्यांचा जीवनपालट झाला होता. ते वाचून रमाबाई विचारात पडल्या. पवित्र शास्त्राविषयी आपण पुष्कळ वाचले, पण खुद्द शास्त्र मनापासून अभ्यासिले नाही, हे त्यांना उमगले. त्यांनी इतर पुस्तके बाजूस सारली आणि त्या देवाचे वचन प्रार्थनापूर्वक रोज वाचू लागल्या. तेथे त्यांना अंतःकरणाची शांती लाभली.

उघडे दार

यादरम्यान १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या होत्या. तेथे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहून त्यांनी बालविधवांची दैना जगापुढे मांडली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाचा आरंभ झाला आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले.

शारदा सदनात कोणावरही धर्माची सक्ती करायची नाही, असे वचन त्यांनी दिले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. पण स्वतः ख्रिस्ती असल्याचे लपवायचे, असे काही रमाबाईंनी कबूल केले नव्हते. रोज सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमेसह पवित्र शास्त्र वाचीत आणि प्रार्थना करीत. त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. कोणास बोलवायचे नाही आणि कोणी आले तर घालवायचेही नाही, असा त्यांचा नियम होता.

दार उघडे होते, म्हणून काही मुली उंबरठ्याशी येऊन ऐकू लागल्या. हळूहळू त्यांतील काही आत येऊन बसू लागल्या. ही वार्ता पुण्यात पसरली आणि १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. पालकांनी कित्येक मुलींना काढून नेले. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. ज्यांनी टीका केली त्यांच्या दृष्टीने विचार केला तर त्यांची भीतीही समजण्यासारखी होती. आपल्या लेकी आपल्या हातून जातील, अशी ती भीती होती.

रमाबाईंना दार लावून घेता आले असते. तेवढ्याने संस्था वाचली असती, लोकप्रियता टिकली असती आणि त्यांचे वाचनही चालू राहिले असते. पण त्यांनी दार लावले नाही. सक्ती करायची नाही आणि लपवायचेही नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांभाळल्या. बोस्टनच्या मंडळींनी चौकशी करून त्यांना पाठिंबा दिला. सदन टिकले.

मुक्तीतील दिवस

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात होरपळलेली ही स्त्री तिकडे धावली आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया तिने वाचवून आणल्या. त्यांतून केडगावी 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या १,५०० च्या वर गेली.

या स्त्रियांना एकही अक्षर येत नव्हते. मुक्तीत त्या स्वयंपाक, शेती, विणकाम, शिवण आणि दूधदुभते शिकल्या, तशाच वाचायलाही शिकल्या. उपासना आणि शास्त्राचा पाठ हा तेथील दिनक्रमाचा भाग होता. वाचता येऊ लागलेली मुलगी न येणाऱ्या मुलीला शिकवी. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपीतून वाचायला शिकविले. ज्यांना समाजाने अक्षरापासून दूर ठेवले होते, त्यांचे हात त्या ठिपक्यांवरून फिरू लागले.

शास्त्रवाचनाचा समाजाशी संबंध काय, असे आपण कधी विचारतो. त्याचे उत्तर केडगावी पाहावे. प्रत्येकाने देवाचे वचन स्वतः वाचावे असे म्हटले की प्रत्येकाला वाचता आले पाहिजे, हे ओघानेच आले. मग ती विधवा असो, अंध असो वा अस्पृश्य मानलेल्या जातीची असो. एकदा वाचता आले की ती स्त्री पत्र वाचते, हिशेब वाचते आणि ज्या कागदावर अंगठा उठवायला सांगितले जाते तो कागदही वाचते. १९०५ साली मुक्तीत जे आत्मिक जागरण झाले, त्यापूर्वी महिनोन् महिने मुली रोज प्रार्थनेसाठी एकत्र जमत होत्या. जागरणानंतर त्यांतील कित्येक जणी टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास जाऊ लागल्या.

अठरा वर्षांचे काम

या स्त्रियांसोबत शास्त्र वाचताना रमाबाईंना एक अडचण जाणवली. त्या वेळच्या मराठी भाषांतरातील कित्येक संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बायकांना कळत नसत. जिने लहानपणी घाटावर न कळणाऱ्या भाषेत पुराण वाचले होते, तिला हे कसे सहन व्हावे? देवाचा शब्द ऐकला, पण अर्थ पोहोचला नाही, अशी स्थिती आपल्याच अंगणात असू नये, असे त्यांना वाटले.

तेव्हा चाळिशी उलटून गेल्यावर त्यांनी इब्री व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास आरंभिला आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. सुमारे १८ वर्षे हे काम चालले. ज्या संस्कृतवर त्यांची कीर्ती उभी होती, तिचाच डौल त्यांनी बुद्धिपुरस्सर बाजूस ठेवला. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुक्तीच्या स्त्रियांनी केली. यांतील कित्येकींना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक कन्या आणि कार्याची भावी धुरीण हरपली. शरीर थकले होते, पण रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची मुद्रिते संपेपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ती ऐकली गेली, अशी आठवण मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ भाषांतून समग्र पवित्र शास्त्र एकट्या स्त्रीने भाषांतरित करावे, असे जगाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. ते भाषांतर मंडळ्यांच्या उपासनेत फारसे रुळले नाही, हेही खरे आहे. पण ज्यांच्यासाठी ते केले होते, त्या बायकांच्या हाती ते पडले.

आपल्या घरी

प्रिय वाचकहो, आपण महाराष्ट्रात राहत असाल, किंवा नोकरी-व्यवसायानिमित्त इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा दूरच्या ठिकाणी स्थायिक झाला असाल. आपल्या घरी आजी मराठीतून शास्त्र वाचते आणि नातवाला मराठी वाचता येत नाही, असे दृश्य आता सर्रास दिसते. नातू ऐकत बसतो, आदराने मान लववितो, पण शब्द त्याच्या डोक्यावरून जातो. नदीच्या घाटावरील ते पुराणवाचन याहून किती निराळे होते? रमाबाईंना विचारले असते तर त्यांनी दोन मार्ग सांगितले असते, असे वाटते. मुलाला आपली भाषा वाचायला शिकवावी. ती येईपर्यंत त्याला कळणाऱ्या भाषेतली प्रत त्याच्या हाती द्यावी. संस्कृत, बंगाली आणि मराठी अशा तीन भाषांतून त्यांच्याकडे देवाचे वचन आले, हे आपण पाहिलेच आहे.

फार वाचण्याची आवश्यकता नाही. एक अध्याय किंवा अर्धा अध्याय पुरे, मात्र तो रोज वाचावा आणि अर्थ कळेपर्यंत वाचावा. प्रश्न उठले तर पाळकांना विचारावेत, आपसांत बोलावे. वाचलेल्या वचनाने आपल्या हातून कोणासाठी काय घडले, याचाही विचार करावा. फुलहॅमच्या त्या भगिनींची सेवा पाहिली नसती, तर योहानाचा चौथा अध्याय रमाबाईंच्या अंतःकरणास तितका भिडला असता काय?

आणि खोलीचे दार उघडे ठेवावे. शेजारच्यांवर लादायचे नाही, तसे लाजून लपवायचेही नाही. कोण जाणे, आपलेच एखादे मूल आज उंबरठ्याशी उभे राहून ऐकत असेल.

आज रात्री ती प्रत कापडातून बाहेर काढावी, एवढीच आपणांस नम्र विनंती आहे. प्रभू आपल्या वाचनास आशीर्वाद देवो.